चालणे आणि थांबणे : हिमातील मोटारप्रवासाचे शास्त्र

पौष-माघातील पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आम्हां इंदूरकरांच्या अंगावर शाली-कानटोप्या चढतात आणि दवाखान्यातील वर्दळही जरा उशिराच सुरू होते. अशा हवेत आयुष्य घालवलेल्या, साठी ओलांडलेल्या आम्हां डॉक्टर दांपत्याने 2019 च्या फेब्रुवारीत युरोपच्या उत्तर टोकाकडे मोटारीने जायचे ठरवले, तेव्हा आप्तेष्टांनी एकच प्रश्न विचारला, "एवढ्या बर्फात गाडी चालेल कशी?" आमचे उत्तरही तयार होते, "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना!" प्रवासाअंती उमगले की प्रश्नही अपुरा होता आणि उत्तरही. बर्फात गाडी चालवणे तितकेसे अवघड नसते. अवघड असते ते तिला थांबवणे. त्यामागील शास्त्र आणि आमचा थोडा अनुभव येथे मांडत आहे.

मार्ग

कोपनहेगनला गाडी भाड्याने घेतली. 2000 साली खुला झालेला ओरेसुंड पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरलो. तेथून ई-4 महामार्गाने लूलेओपर्यंत आणि पुढे ई-10 ने, उत्तर ध्रुववृत्त ओलांडून, लोहखनिजाच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या कीरुना गावी. नंतर डोंगर उतरून नॉर्वेतील नार्विक बंदर, आणि शेवटी आल्टामार्गे नॉर्डकाप, असा हा अडीच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा पल्ला. नॉर्डकाप म्हणजे 307 मीटर उंचीचा, समुद्रात घुसलेला कडा. युरोपच्या उत्तर टोकाचा मान परंपरेने त्याला मिळालेला आहे.

चार चाकांचा भ्रम

फोर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची शक्ती दोनऐवजी चारही चाकांना मिळते. प्रत्येक चाकावर कमी ओढ पडते, म्हणून निसरड्या जागी ते जागच्या जागी फिरत नाही आणि गाडी सहज निघते, चढही चढते. परंतु ब्रेक तर प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात. म्हणजेच थांबण्याच्या बाबतीत या महागड्या गाडीला साध्या गाडीहून काहीही अधिक लाभलेले नसते.

गणित सोपे आहे. कोरड्या डांबरावर घर्षणांक सुमारे 0.8 धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून वीस मीटरांच्या आत थांबते. गुळगुळीत बर्फावर घर्षणांक 0.1 पर्यंत घसरतो आणि त्याच गाडीला सुमारे 140 मीटर लागतात. वेग निम्मा केला, तर हे अंतर एक चतुर्थांशावर येते. बर्फावर खरा ब्रेक म्हणजे आधीच कमी ठेवलेला वेग.

साध्या गाडीचे चाक निघतानाच फिरू लागते आणि चालकाला इशारा देते. फोर व्हील ड्राइव्ह हा इशाराच पुसून टाकते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेह्याला साखर घटल्याची धडधड जाणवू नये, तशातला हा प्रकार आहे. धोका तेवढाच राहतो, त्याची चाहूल मात्र लागत नाही.

घर्षण वाढवतात ते टायर. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फाला पकडतात. स्वीडनमध्ये 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात रस्त्यावर हिम असेल, तर हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे असून त्यांच्या खाचा किमान 3 मिलिमीटर खोल असाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट आम्हांला चकित करून गेली. कीरुनाच्या उणे पंचवीस अंशांतील रस्त्यापेक्षा नार्विकच्या बाजूचा, शून्याच्या आसपासचा रस्ता अधिक घातक निघाला. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो आणि टायरला धरतो. शून्याजवळ मात्र त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उबदार सागरी प्रवाहामुळे नार्विकचे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. बंदराला मिळालेले हे वरदान वाहनचालकाच्या मात्र मुळावर येते.

वीस मिनिटे

नेमके येथेच मी चुकलो. आठ दिवस गाडी निर्वेध चालल्याने मन निर्धास्त झाले होते. नार्विककडे उतरताना एका वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन कडेच्या हिमाच्या ढिगाऱ्यात रुतली. कोणासही इजा झाली नाही. फोन लागला, मदत तासाभरात येणार होती. ऊब राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवले. वीसेक मिनिटांनी पत्नी, जी भूलतज्ज्ञ आहे, एकदम म्हणाली, "अहो, आधी इंजिन बंद करा. माझे डोके दुखतेय, आणि तुम्हांला इतक्या जांभया का येताहेत?" काचा उघडल्या, बाहेर उतरून पाहिले, तर सायलेन्सरचे तोंड हिमात पूर्ण बुजलेले होते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. सामान्य पल्स ऑक्सिमीटर तर अशा वेळी फसवतो. कार्बॉक्सिहिमोग्लोबिनलाही तो प्राणवायुयुक्त समजतो आणि आकडा उत्तम दाखवतो. एकाच गाडीतील दोघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ वा गुंगी आली, तर निदान दुसरे शोधू नये. रुतलेल्या गाडीत इंजिन लावण्यापूर्वी सायलेन्सर मोकळा करावा, थोडा वेळच चालवावे आणि एक काच किंचित उघडी ठेवावी. फावडे, घोंगड्या, मेणबत्तीऐवजी विजेरी आणि खाण्याचे पदार्थ डिकीत नव्हे, आतच हाताशी असावेत.

थंडी आणि शरीर

शरीराचे अंतर्गत तापमान 35 अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. प्रारंभी हुडहुडी भरते. तापमान आणखी घसरले की ती थांबते आणि बुद्धी मंदावते. हुडहुडी थांबणे म्हणजे सुधारणा नव्हे. "थोडी घेतली की ऊब येते" हा समजही घातक आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते. शिवाय स्वीडन व नॉर्वेत चालकासाठी रक्तातील मद्याची मर्यादा 100 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे ती 30 आहे. हिमदंश झालेला भाग बर्फाने चोळू नये. पुन्हा गोठण्याचा धोका टळल्यावरच तो 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ठेवावा. इन्सुलिन रात्री गाडीत राहून गोठले, तर वितळल्यावरही ते निकामीच समजावे.

नार्विक परिसराचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. मे 1999 मध्ये ॲना बोगेनहोल्म ही तरुण स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि 80 मिनिटे बर्फाखाली अडकून राहिली. बाहेर काढले तेव्हा हृदय बंद होते. तिच्या शरीराचे तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरले होते. ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदय-फुप्फुस यंत्राने तिचे रक्त हळूहळू उबदार करण्यात आले आणि ती वाचली. पुढे त्याच रुग्णालयात क्षकिरणतज्ज्ञ म्हणून रुजू झाली. गोठलेला रुग्ण उबदार होईपर्यंत त्याला मृत म्हणू नये, हा धडा या घटनेने जगभरच्या डॉक्टरांच्या मनावर ठसवला.

तेरा किलोमीटर

नॉर्डकापचे शेवटचे सुमारे तेरा किलोमीटर हिवाळ्यात स्वतंत्रपणे जाता येत नाही. स्कार्सवोगच्या फाट्यावर अडसर असतो. ठरलेल्या वेळी हिम सारणारे वाहन पुढे निघते आणि त्यामागून गाड्यांचा ताफा सोडला जातो. वारा वाढला, तर ताफा रद्द होतो. आम्ही दोन दिवस तेथे गेलो. दोन्ही दिवस अडसर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी थांबलो असतो, तर परतीच्या विमानासाठी रात्रंदिवस गाडी हाकावी लागली असती. मी घुटमळलो. नार्विकनंतर आम्ही एक नियम केला होता, की दोघांपैकी एकाने नको म्हटले की चर्चा न करता थांबायचे. पत्नी नको म्हणाली, आणि आम्ही परत फिरलो.

आमच्या छायाचित्रांत तो प्रसिद्ध कडा नाही. त्याची थोडी हळहळ आजही वाटते. आपल्या मंडळातील कोणी या वाटेने निघणार असतील, त्यांना एवढेच सांगेन : गाडी कोणतीही घ्या, टायर पारखून घ्या, परतीच्या तारखेआधी तीन दिवस हाती ठेवा, आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला "नको" म्हणण्याचा पूर्ण अधिकार निघण्यापूर्वीच द्या. आम्ही तो नार्विकला, हिमात रुतल्यानंतर दिला.