विजेची स्कूटर : पाचव्या वर्षी कशी चालेल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय संसारात १९७२ हे साल दोन वाहनांमुळे लक्षात राहावे असे आहे. पुण्यात त्या वर्षी बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लुनाही आली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. एकदा हाती आली की ती दहा-पंधरा वर्षे घरातल्या माणसासारखी राही. सकाळी चालू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करायची, प्लग पुसायचा, दोन किका मारायच्या. तरीही रुसली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्हा घेऊन बसलेला असेच. ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ आपण या गाड्यांवरून शिकलो.

पुढे जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर धावू लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही विजेची झाली. नावे जुनीच राहिली, पण टिकाऊपणा तपासण्याची जागा बदलली. पूर्वी आपण इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आता ऐकायला इंजिनच नाही. मग रोज कामावर जायला विजेची स्कूटर घ्यायची, तर ती टिकेल की नाही हे ओळखायचे कसे? आज त्याविषयी बोलू.

एक उदाहरण घेऊ. समजा, आमच्या सोलापुरातल्या एक शिक्षिका आहेत. शाळा शहराबाहेर; जाऊन-येऊन रोजचे ३६ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर रोजचे ८० रुपये झाले. विजेची स्कूटर तेवढ्याच अंतराला भिंतीवरच्या प्लगमधून साधारण सव्वा युनिट वीज घेते. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च बारा-तेरा रुपये. म्हणजे महिन्याला सतराशे रुपयांच्या वर बचत, आणि पाच वर्षांत लाखाच्या पुढे. हिशेब ढोबळ आहे, पण खोटा नाही.

आता याची दुसरी बाजू. ही बचत पदरात पडायची तर बॅटरी पाच वर्षे टिकली पाहिजे. गाडीच्या किमतीतला सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्या बॅटरीचा असतो. हमी संपल्यावर, चौथ्या वर्षी, ती बसली तर नवीन बॅटरीला कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. मोठ्या बॅटरीला अर्ध्या लाखाच्याही पुढे. म्हणजे तोवर वाचवलेले सगळे एका दिवसात गेले. हप्ते फेडून गाडी घेणाऱ्या घरात ही रक्कम लहान नसते. म्हणून दुकानात गेल्यावर ‘पहिल्या दिवशी किती पळते?’ असे न विचारता ‘पाचव्या वर्षी किती पळेल?’ असे विचारावे.

या दोन प्रश्नांमध्ये बराच फरक आहे. कवितेत अतिशयोक्ती हा अलंकार मानतात. गाडीच्या जाहिरातीत तो व्यवहार असतो. कंपनी जे अंतर छापते, ते ठरावीक चाचणीत मोजलेले असते. तिथे समोरून वारा नसतो, मागे बसलेले माणूस नसते, पायाशी दळणाचा डबा नसतो. रोजच्या रस्त्यावर त्या आकड्याच्या साधारण ७० टक्के अंतर मिळते असे धरून चालावे. शिवाय बॅटरीही दरवर्षी थोडी थोडी झिजते. पाच-सहा वर्षांत ती मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली, तर तो दोष नव्हे, तिचे वय झाले एवढेच.

म्हणून माझा सोपा हिशेब असा. रोजचे अंतर दुप्पट करा. आपल्या शिक्षिकाबाईंचे झाले ७२ किलोमीटर. एवढे अंतर गाडीने खरोखर दिले पाहिजे. म्हणजे कंपनीचा छापील आकडा १०० ते १०५ हवा. पुढे बॅटरी ७० टक्क्यांवर उतरली तरी ५० किलोमीटर मिळतीलच, आणि ३६ चे काम भागून थोडे शिल्लक राहील. जाहिरातीत दीडशे-दोनशेचे आकडे दिसतात, पण त्यांच्यासाठी जास्तीचे तीस-चाळीस हजार घालण्याचे या बाईंना कारण नाही. ज्यांची रोजची फेरी ६०-७० किलोमीटरची आहे, त्यांनी मात्र मोठ्याच बॅटरीकडे पाहावे.

बॅटरी किती मोठी, हे किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. शब्दाला घाबरू नका. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. तीन किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिट मावणारी टाकी. एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर लागतात, यावरून बाकीचा गुणाकार घरी करता येतो.

आता ही बॅटरी असते कशाची? पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या विजेच्या स्कूटर आल्या, त्यांच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या असत. दीड-दोन वर्षांत त्या दम टाकत. पुष्कळांच्या मनातली भीती तेव्हाची आहे. आजच्या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती बाजारात पहिल्यांदा १९९१ मध्ये आली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

या लिथियम बॅटरीचे दोन प्रकार ग्राहकाला ठाऊक असावेत. एक एनएमसी, म्हणजे निकेल, मँगेनीज आणि कोबाल्टची. दुसरी एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेटची. एनएमसी हलकी असते आणि कमी जागेत जास्त वीज साठवते, म्हणून बऱ्याच नावाजलेल्या स्कूटरमध्ये तीच असते. एलएफपी त्याच क्षमतेला थोडी जड आणि मोठी होते. पण उष्णता अधिक सोसते, पेट घेण्याचा धोका कमी, आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्याही जास्त निभावते. या लोह-फॉस्फेटवरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. त्यावर गुडइनफ यांच्यासोबत पाधी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची दोन नावे आहेत. आपल्या गाडीत यांपैकी कोणती आहे हे विक्रेत्याला विचारा. सांगता आले नाही तर माहितीपत्रकात दाखवा म्हणा. एनएमसी असली म्हणजे गाडी वाईट, असे नाही. तिला उन्हापासून अधिक जपावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी आतून किती तापत असेल! उष्णता हा लिथियम बॅटरीचा पहिला शत्रू. प्रत्येक बॅटरीत अनेक लहान सेल असतात आणि त्यांच्यावर एका इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची देखरेख असते. तिला बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. गिरणीतल्या मुकादमासारखे तिचे काम. कोणता सेल तापला, कोणता जास्त भरला, हे पाहायचे आणि वेळीच काम थांबवायचे. हा मुकादम कच्चा असला की बॅटरी लवकर झिजते, आणि कधी कधी अनर्थही होतो.

२०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. त्या वर्षी अशा आणखीही घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक केली. एआयएस १५६ हे त्या मानकाचे नाव. सुधारित नियमांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी घेत असाल तर ही तारीख लक्षात ठेवा. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी असेल तरच पुढे बोला.

उन्हाइतकाच प्रश्न पाण्याचा. बॅटरीवर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. पावसाने भरलेला रस्ता ओलांडायला हे पुरेसे आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापुराचे पाणी दिवसेंदिवस राहिले, तशा पाण्याला हे प्रमाणपत्र लागू नाही. गाडी पुरात बुडाली असेल तर चालू करून पाहू नका, चार्जिंगलाही लावू नका. थेट सर्व्हिस सेंटरला कळवा.

बॅटरीनंतर मोटार. काही गाड्यांत ती मागच्या चाकातच बसवलेली असते. हलणारे भाग कमी, म्हणून देखभाल कमी; पण चाक जड होते आणि पंक्चर काढताना ते खोलणे जरा किचकट जाते. काही गाड्यांत मोटार मधे असते आणि पट्ट्याने किंवा गिअरने चाक फिरवते. तोल चांगला राहतो, चढावर जोर मिळतो. पट्टा असेल तर तो काही वर्षांनी बदलावा लागतो. दोन्ही पद्धती टिकतात. निकाल लागतो तो खड्ड्यांत. म्हणून चालवून पाहताना दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरून परत येऊ नका. घरचे एक माणूस मागे बसवा, एखादा उड्डाणपूल चढा, दोन-चार गतिरोधकांवरून न्या. सांगाडा खडखडतो का, शॉकॲब्सॉर्बर आदळतात का, ब्रेक कसे लागतात, हे तिथे कळते.

कमी किमतीच्या काही स्कूटरना लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशांना ही सवलत आहे. गल्लीतल्या गल्लीत, भाजी आणायला त्या ठीक. रोजच्या ३६ किलोमीटरला, ट्रकच्या वर्दळीतून, त्या घेऊ नयेत.

आता हमीपत्र. काही कंपन्यांची बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा ५० हजार किलोमीटर असते, काही ती आठ वर्षे किंवा ८० हजारांपर्यंत देतात, कधी जादा पैसे घेऊन. यात ‘जे आधी होईल ते’ ही ओळ असते. आपल्या शिक्षिकाबाईंची गाडी वर्षाला ११ हजार किलोमीटरच्या वर चालेल. त्यांना तीन वर्षांची हमी ३४ हजारांच्या आतच संपलेली दिसेल. आठ वर्षांची हमी मात्र सात वर्षे साथ देईल. जादा पैसे देण्यासारखी गोष्ट हीच आहे. पण आधी विचारा : बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार? ७० टक्के असे लेखी असेल तर हमीला अर्थ आहे. नुसते ‘बिघाड झाल्यास’ असे लिहिले असेल, तर हळूहळू झिजलेल्या बॅटरीबद्दल तुम्हाला भांडत बसावे लागेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्ती कोण करणार? कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला या गाडीचे टायर आणि ब्रेक कळतात. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर त्याच्या हाती दिलेलेच नाही. तेव्हा कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, तिथे सुटे भाग मिळतात का, गाडी किती दिवस अडकते, हे आधी पाहा. गाजावाजा करून आलेल्या काही कंपन्यांची दुकाने गेल्या काही वर्षांत बंद झाली आणि गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. शोरूममध्ये जाण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या दारात अर्धा तास उभे राहा. तिथे आलेल्या माणसांशी बोला. घरोघर सामान पोचवणाऱ्या मुलांना विचारा. दिवसाला शंभर-शंभर किलोमीटर गाडी हाकणारी ही मुले कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कठोर परीक्षा घेतात, आणि विचारले तर मोकळेपणाने सांगतात.

घरी चार्जिंगची जागाही गाडी घेण्याआधी ठरवा. १५ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग, चांगले अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी हवा. लांबलचक एक्स्टेन्शनची वायर नको. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर गाडी चार्जिंगला लावू नये. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि खाली प्लग मिळत नसेल, तर काढून नेता येणारी बॅटरी असलेली गाडी पाहा. पण ती उचलून दोन जिने चढून पाहा, मगच ठरवा.

गाडी घेतल्यावर चार सवयी लावून घ्या. उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, मग प्लग लावा. एनएमसी असेल तर रोज काठोकाठ भरू नका. २० ते ८० टक्क्यांत ठेवलेली बॅटरी जास्त जगते. एलएफपी मात्र कंपनी सांगेल तशी अधूनमधून पूर्ण भरा, नाहीतर काटा चुकीचे अंतर दाखवू लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर निम्मी भरून सावलीत ठेवा. आणि चार्जर कंपनीचाच वापरा.

विजेची स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा कमी बिघडते, कारण तिच्यात बिघडण्याजोगे भागच कमी. पण तिचे जे काही आहे ते एका पेटीत आहे, आणि ती पेटी आपल्याला उघडून पाहता येत नाही. म्हणून रंग आणि वेग शेवटी पाहा. आधी बॅटरीचा प्रकार, मग हमीपत्र, मग सर्व्हिस सेंटर, या क्रमाने चौकशी करा. या तिन्ही उत्तरांनी समाधान झाले, तर लाख-सव्वालाख रुपये निर्धास्तपणे गुंतवायला हरकत नाही.