ऱ्य, ॲ आणि ₹ : कळफलकावरील मराठी चिन्हांचा मागोवा

कळफलकावर जे चिन्ह छापलेले नाही ते कागदावर किंवा पडद्यावर कसे उमटवायचे, हा प्रश्न इंग्रजी लिहिणाऱ्याला अधूनमधून पडतो, तर मराठी लिहिणाऱ्याला तो शंभरएक वर्षे रोजच पडत आला आहे. अंश, गुणाकार किंवा फ्रेंच शब्दांतील स्वरचिन्हे ही इंग्रजी लेखनातील विशेष चिन्हे मानली जातात आणि ती क्वचित लागतात. मराठीत मात्र ‘दऱ्या’ या शब्दातील आडव्या रेघेचा अर्धा र किंवा ‘ॲप’ या शब्दाचे पहिले अक्षर अगदी साध्या मजकुरातही येते, आणि तरीही ही अक्षरे दीर्घकाळ ‘विशेष’ याच सदरात पडून राहिली. त्यांना कळफलकावर आणि संगणकाच्या संकेतावलीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, स्थान कसे मिळाले याचा हा मागोवा आहे.

टंकलेखन यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडलेले होते. त्यात पन्नासहून कमी कळा, प्रत्येक कळेवर दोन ठसे आणि दर ठशानंतर एक घर पुढे सरकणारा गाडा अशी रचना होती. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे एवढ्या जागेत बसणे शक्यच नव्हते, म्हणून यंत्र देवनागरीत आणणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले: उभ्या दंडाची अनेक अक्षरे अर्ध्या रूपात कळेवर ठेवली, दंडाला वेगळी कळ दिली, आणि काही मात्रांसाठी गाडा पुढे न सरकवणाऱ्या ‘मृत’ कळा योजल्या. यंत्रावर बसणाऱ्याला त्यामुळे उच्चारांचा क्रम सोडून आकारांचा क्रम पाठ करावा लागे; ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते, पण कागदावर ती डावीकडे असते म्हणून आधी टंकित होई. तालुक्यातालुक्यांतील टंकलेखन संस्थांत मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षांसाठी बसलेल्या पिढ्यांच्या बोटांत हाच क्रम मुरला, आणि संगणक आल्यावरही तो सुटला नाही, ही गोष्ट पुढील घडामोडी समजून घेताना महत्त्वाची ठरते.

संगणकाच्या आरंभीच्या काळात परिस्थिती सुधारण्याऐवजी अधिकच आवळली गेली. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि पुढे सुधारलेली ‘आस्की’ ही अमेरिकी संकेतावली १२८ स्थानांची होती. त्यांतील ९५ स्थाने, कोरी जागा धरून, दृश्य चिन्हांची होती आणि ती सर्व इंग्रजीच्या गरजेपुरती होती. १९८१ च्या आयबीएम पीसीने २५६ स्थानांचा तक्ता आणला आणि त्यासोबत एक युक्तीही रूढ केली: ऑल्ट कळ दाबून ठेवून उजवीकडील अंकफलकावर क्रमांक टंकित केला, की कळफलकावर नसलेले चिन्ह पडद्यावर उमटते. विंडोजमध्ये ही युक्ती टिकली, आणि ऑल्टसह ०१७६ टंकित केल्यावर अंशाचे ° हे चिन्ह किंवा ०२१५ टंकित केल्यावर गुणाकाराचे × हे चिन्ह आजही मिळते.

मराठी छपाईच्या व्यवसायाने ही युक्ती नाइलाजाने आपलीशी केली. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींमुळे मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि लग्नपत्रिका संगणकावर जुळू लागल्या. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे. फक्त त्या त्या क्रमांकावर देवनागरीच्या तुकड्याचे चित्र बसवलेले असे. नेहमीचे तुकडे कळांवर मावत, विरळ जोडाक्षरे मात्र वरच्या क्रमांकांवर जात आणि ती ऑल्टसह क्रमांक देऊन आणावी लागत. प्रत्येक प्रणालीचा तक्ता वेगळा असल्यामुळे एका छापखान्यातील मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला, की निरर्थक चिन्हांचा सडा दिसे. या प्रणालींनी मराठी प्रकाशनव्यवसाय संगणकावर आणला हे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्या काळात जुळवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाला तो मराठी म्हणून कधीच कळला नाही.

याच्या उलट विचार त्याच सुमारास दुसरीकडे चालू होता. कानपूरच्या आयआयटीत आकाराला आलेले आणि पुढे पुण्यातील सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान या गृहीतावर उभे होते, की संगणकाने अक्षराचा आकार साठवू नये, उच्चारक्रमाने आलेले अक्षर साठवावे आणि आकार जुळवण्याचे काम स्वतः करावे. या विचाराला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ या संकेतावलीच्या रूपाने मान्यता दिली आणि तिच्यासोबत इनस्क्रिप्ट हा कळफलकही प्रमाण ठरवला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. इंग्रजी के या कळेवर क, शिफ्टसह ख, आणि डी या कळेवर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह असते. जोडाक्षरांना स्वतंत्र कळा जवळजवळ लागतच नाहीत, कारण व्यंजन, हलन्त, व्यंजन या क्रमातून ती आपोआप घडतात. भारतीय लिपींची वर्णव्यवस्था एकच आहे हे ओळखून केलेली ही मांडणी बुद्धीला पटणारी आणि हाताला सोयीची आहे. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या हातांनी ती सहज स्वीकारली नाही, हे मराठीचे मोठे नुकसान होय.

इनस्क्रिप्टवर जे या कळेवर र आहे आणि त्याच कळेवर शिफ्टसह ऱ आहे. ‘कऱ्हाड’ लिहिताना क, मग शिफ्टसह ऱ, मग हलन्त, मग ह, काना आणि ड अशा सहा कळा दाबल्या, की हवा तो अर्धा र मिळतो. वरच्या रफाराऐवजी बाजूला आडवी रेघ येणे ही केवळ लेखनाची लकब नव्हे, तिच्यावर अर्थ अवलंबून असतो: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, आचार्यांना निमंत्रण देणे वेगळे आणि आचाऱ्यांना देणे वेगळे. १९९१ मध्येच पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेतावलीने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, त्यामुळे र ला ०९३० आणि ऱ ला ०९३१ असे क्रमांक पहिल्यापासून मिळाले.

असे असूनही गोंधळ झाला, कारण युनिकोडने या अर्ध्या र साठी दोन मार्ग मान्य केले. पहिला मार्ग ऱ आणि हलन्त यांचा. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य जोडचिन्ह यांचा. सुटा ऱ पडद्यावर नुक्त्यासह, म्हणजे खाली बिंदू घेऊन दिसतो आणि मराठी वाचकाला तो परका वाटतो, म्हणून अनेकांनी पहिला मार्ग टाळला. दुसऱ्या मार्गातील जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते गळाले, तर कोणाच्या लक्षात न येता दऱ्यांचा दर्या होतो. शिवाय दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द दिसायला सारखा असला तरी त्यांतील अक्षरांचे क्रमांक वेगळे असतात, आणि शोध घेणारा संगणक क्रमांकच पाहतो.

ॲ ची कथा अधिक खेदाची आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी हिंदीने ए वर चंद्र देऊन ऍ हे अक्षर वापरले, मराठीने अ वर चंद्र देऊन ॲ वापरले. इस्कीत आणि म्हणून युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पहिल्याला स्थान मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट आला आणि सामान्य संगणकावर खरी देवनागरी लिहिता येऊ लागली, तेव्हाही मराठी माणसाला अ लिहून त्यावर सुटा चंद्र ठेवावा लागे, आणि अनेक प्रणाली त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवत. ०९७२ या क्रमांकावर ॲ युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. पुढील वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने ॲ आणि ऑ यांना प्रमाण वर्णमालेत घेतले.

या विलंबाशेजारी रुपयाच्या चिन्हाचा प्रवास ठेवून पाहण्यासारखा आहे. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ते समाविष्ट झाले. भारतीय इंग्रजी कळफलकावर ते उजव्या ऑल्टसह ४ या कळेवर बसले. मधल्या थोड्या महिन्यांत टॅबच्या वरच्या कळेवरील चिन्हाच्या जागी ₹ चे चित्र ठेवणारे फॉन्ट फिरू लागले होते, म्हणजे छापखान्यांची जुनीच वाट पुन्हा चोखाळली गेली होती, पण अधिकृत क्रमांक लवकर मिळाल्यामुळे ती रुळली नाही. शासनाने मनावर घेतले तर एखाद्या चिन्हाला काही महिन्यांत जागा मिळते आणि तसे पाठबळ नसेल तर कोट्यवधी लोकांचे अक्षर सतरा वर्षे तिष्ठते, एवढे या तुलनेतून स्पष्ट होते.

दरम्यान रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळवण्याची पद्धत बरहा, गमभन यांसारख्या साधनांतून घरोघर पोचली आणि परदेशातील मराठी माणसालाही तिने लिहिते केले. आज मोबाइलवर ॲ किंवा ऱ शोधायला फार सायास पडत नाहीत. मराठी वळणाचे ल आणि श हा मात्र कळफलकाचा प्रश्नच नाही: हिंदी आणि मराठी वळणांचा क्रमांक एकच आहे, वळण फॉन्ट ठरवतो, आणि ते हवे असेल तर मजकुराची भाषा मराठी असल्याचे संगणकाला सांगावे लागते आणि ती ओळखणारा फॉन्ट वापरावा लागतो.

जागा मिळाली, तरी सवय बदललेली नाही. ॲ चा स्वतंत्र क्रमांक उपलब्ध असताना आजही अ आणि सुटा चंद्र, किंवा थेट हिंदी ऍ, असे पर्याय सर्रास टंकित होतात, आणि एकाच पुस्तकाच्या एकाच प्रकरणात तिन्ही रूपे सापडतात. संपादक, मुद्रितशोधक आणि शासकीय कार्यालयांतील टंकलेखक यांनी मजकूर अंतिम करण्यापूर्वी ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून अ वरील सुटा चंद्र काढून ०९७२ क्रमांकाचा ॲ घालावा, मराठी शब्दांतील ऍ च्या जागीही तोच घालावा आणि अर्ध्या र साठी अदृश्य जोडचिन्हाऐवजी ऱ वापरावा. या कामाला कोणतेही नवे साधन लागत नाही.