प्रथम ईश्वर, मग भाकर

मुळशी तालुक्यांतील चांद्याचा शेतकरी भाताची लावणी करितो, बांध राखितो, तण काढितो. परंतु पाऊस पाडणें त्याच्या हातीं नसतें. श्रम आपले, फळ देणारा दुसरा, हें तो पुस्तकावांचून जाणतो. ख्रिस्ती धर्मांत ईश्वरावरील विश्वास कशास म्हणतात, हें समजण्यास हा दाखला पुरेसा आहे.

येशू ख्रिस्तानें डोंगरावरील प्रवचनांत पांखरांकडे व रानफुलांकडे बोट दाखवून शिष्यांस अन्नवस्त्राची चिंता सोडण्यास सांगितलें. ईश्वराची इच्छा आधीं, आपली गरज त्यामागून, असा क्रम त्यानें लावून दिला. ह्यांत काम सोडण्याची आज्ञा नाहीं. पांखरूं घरट्यांत बसून चाऱ्याची वाट पाहत नाहीं. तें पहांटेसच उडतें. सोडावयाची ती चिंता, श्रम नव्हेत.

ह्याचें उदाहरण आपल्याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांवीं घडलें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें; पुढें तें पुण्यास आलें. अमेरिकेंतील साह्यकारी मंडळाचें वचन दहा वर्षांचें होतें. ती मुदत सरत आली असतां १८९६-९७ चा घोर दुष्काळ पडला. आधीं पैसा जमवूं, मग अनाथांस आणूं, असें बाई म्हणाल्या असत्या तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. परंतु उपासमार त्यांनीं बाळपणापासून जाणलेली होती. त्या मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. ह्यांतूनच केडगांवचें मुक्ति मिशन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास तेथें दीड हजारांच्या आसपास जीव आश्रयास होते. तेथें नित्य प्रार्थना होई, आणि विहिरीही खणल्या जात. मुली शेती, विणकाम व छापखान्याचें काम शिकत. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. त्यांचें कार्य मात्र आजही चालू आहे.

विद्यार्थ्यांनो, प्रार्थना करून पुस्तक मिटून ठेवणें हा विश्वास नव्हे. मन लावून अभ्यास करावा, आणि गुण कमी पडण्याचें भय असतांही दुसऱ्याचें पाहून लिहूं नये, हा विश्वास होय. पालकांसही हीच कसोटी आहे. लबाडीनें चार पैसे अधिक मिळत असतां जो माप खरें ठेवितो, त्यानें भाकरीच्या आधीं ईश्वरास स्थान दिलें, असें खुशाल समजावें.