अंगणातील वृक्ष आणि कुऱ्हाड

अंगणातील झाड भिंतीवर झुकू लागले, की आपण घाईने करवतवाल्यास बोलावतो व ‘सगळे साफ कर’ असे सांगून मोकळे होतो. आमची वाचकांस विनंती आहे, की क्षणभर थांबावे.

इस्राएलात १९२६ सालच्या वन अध्यादेशाचा अंमल, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. दोन मीटर वा अधिक उंचीचे, आणि जमिनीपासून १३० सेंटीमीटरवर खोडाचा व्यास किमान १० सेंटीमीटर असलेले झाड स्वतःच्या अंगणातले असले, तरी वन-अधिकाऱ्याच्या परवान्यावाचून तोडता येत नाही.

छाटणीचेही शास्त्र आहे. शेंडा सरसकट उडवल्याने झाड आटोक्यात येते, हा भ्रम होय. मोठ्या जखमांतून कूज शिरते. भोवती फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असल्याने पुढे वाऱ्यात मोडतात. जाणता गोझेम जड फांदी प्रथम खालून थोडी चिरतो, मग जरा पुढे सरकून वरून कापतो; त्यामुळे साल ओरबाडली जात नाही. उरलेला खुंट तो बुडाच्या फुगवट्याबाहेर कापतो, कारण जखम तेथूनच भरून येते.

म्हणून काम देण्यापूर्वी गोझेमचा प्रशिक्षणाचा दाखला व विमा पाहावा, मजुरी लेखी ठरवावी, परवाना कोण काढणार हेही विचारावे.

नगराला वेढा पडला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये, अशी तोराची आज्ञा आहे (अनुवाद २०:१९). मग स्वतःच्या अंगणात, शांतपणे, एवढे तरी ठरवावे: झाड तोडायचे, की नीट छाटायचे?