ग्लॅमर, पण महिन्याच्या पगारावर!

पेज थ्री नव्हतं, पापाराझी नव्हते, इन्स्टाग्राम तर नव्हतंच. तरीही पुण्यात एक झगमगती फिल्मी दुनिया होती. आणि तिथले स्टार्स तुमच्या-आमच्यासारखे पहिल्या तारखेची वाट बघायचे!

प्रभात रोडवर कॉफी प्यायला आपण सगळेच जातो. पण या रस्त्याला 'प्रभात' हे नाव कुठून आलं, असं ऑफिसात विचारून बघा. निम्मे लोक खांदे उडवतील. हे नाव आलं प्रभात फिल्म कंपनीवरून.

पाच पार्टनर्सचं स्टार्टअप

१ जून १९२९. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात कंपनी काढली. १९३२ मध्ये त्यांचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि १९३३ मध्ये सगळा संसार पुण्यात आला. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर स्टुडिओ उभा राहिला. शूटिंगचे फ्लोअर, लॅब, साउंड, एडिटिंग, सगळं एकाच कॅम्पसमध्ये. आजच्या आयटी पार्कसारखंच म्हणा ना! दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सगळे पगारी. हिरोईनसुद्धा. आज एका सिनेमाचे कोटी घेणाऱ्यांना हे ऐकून चक्करच येईल.

आणि काम काय दर्जाचं! १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. या सिनेमाचा १९३७ मध्ये थेट व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये गौरव झाला. शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेला एक अभंग तर इतका अस्सल उतरला, की लोकांना तो खुद्द तुकोबांचाच वाटला.

नगरचा कृष्ण, साहेबमामांचे तुकोबा

माझं गाव श्रीगोंदा. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर. तुम्ही म्हणाल, साखर कारखान्यांच्या या तालुक्याचा आणि फिल्मी ग्लॅमरचा काय संबंध? थेट काहीच नाही. पण श्रीगोंदा हे शेख महंमद महाराजांचं गाव. 'योगसंग्राम' लिहिणारे, विठ्ठलभक्तीच्या परंपरेत मानाने घेतले जाणारे मुसलमान संत. 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल, म्हणजे सगळ्यांचे साहेबमामा, हेही मुसलमान हे वाचलं तेव्हा मला म्हणूनच अजिबात नवल वाटलं नाही. आमच्याकडे हे जुनंच आहे.

पुढची गंमत ऐका. १९४० मध्ये याच जोडीने 'संत ज्ञानेश्वर' केला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. आणि पडद्यावरचे ज्ञानेश्वर कोण? शाहू मोडक. जन्म अहमदनगरचा, घर ख्रिस्ती! १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण म्हणून लोकप्रिय झालेला हा मुलगा १९३९ मध्ये प्रभातच्या 'माणूस'मध्ये साधा हवालदार झाला आणि पुढच्याच वर्षी ज्ञानोबा. कास्टिंग करताना आडनाव कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते काम.

गेटवर बसलेली स्टार

पण थांबा, सगळंच गोड गोड नव्हतं.

१९३७ मध्ये 'कुंकू' आला. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मनाने मान्यच करत नाही. शांता आपटेंनी ती अशी उभी केली, की त्या घराघरात पोचल्या. आणि जुलै १९३९ मध्ये त्याच शांता आपटे स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसल्या. वाद होता करार आणि पगाराचा. इमॅजिन करा, एवढी मोठी स्टार आणि आपल्याच कंपनीच्या दारात उपाशी! पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींनी आधी काय काय विचार करावा, हे आतल्या माणसाने सांगितलेलं.

सुवर्णकाळ म्हटलं की आपल्याला पोस्टर आठवतात. मला हे गेट जास्त आठवतं. पडद्यावर अन्यायाला नाही म्हणणं सोपं, स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडून पगार घ्यायचा, त्यांच्याच दारात ते म्हणणं वेगळं. अप्रेझलच्या केबिनमध्ये तोंड उघडताना आपली काय हालत होते, आठवा जरा! आणि त्या काळात एका बाईने हे केलं, सगळ्या गावासमोर.

पडदा पडला, पण...

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि मुंबईत 'राजकमल' सुरू केलं. १९४५ मध्ये दामले गेले. तरी नशीब उघडणं चालूच होतं. याच कॅम्पसवर देव आनंद नावाच्या तरुणाला 'हम एक हैं' (१९४६) हा पहिला सिनेमा मिळाला. इथेच त्याची गुरुदत्तशी गट्टी जमली. लाँड्रीत शर्टांची अदलाबदल झाली आणि ओळख झाली, हा किस्सा देव आनंद रंगवून सांगायचे. मी प्रोड्यूसर झालो तर दिग्दर्शक तू, असा शब्द दिला होता. तो 'बाजी'मध्ये (१९५१) पाळला. नेटवर्किंग म्हणतात ते हेच!

पन्नासच्या दशकात कंपनी बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे आजची एफटीआयआय. पाच मित्रांच्या स्टार्टअपच्या आवारात आजही पोरं रात्र रात्र जागून सिनेमा शिकतात.

तर या वीकेंडला मल्टिप्लेक्सचं तिकीट राहू द्या. घरी 'कुंकू' लावा, दिवे बंद करा आणि नीराच्या डोळ्यांकडे बघा. सोमवारी बॉसच्या केबिनमध्ये जायचं असेल, तर थोडी हिंमत तिथून उसनी मिळेल.