गूळ पावडरचं मशीन घेताय? आधी गूळ ओळखा!

शिरूर-दौंड पट्ट्यात गुऱ्हाळं भरपूर, त्यामुळे तळेगाव ढमढेरेला आमच्या दुकानात हा प्रश्न ठरलेलाच असतो, "सर, गूळ पावडरसाठी कोणता पल्व्हरायझर घेऊ?"

माझी चूक आधी सांगतो. हळद-मिरचीच्या पल्व्हरायझरमध्ये मी एकदा गूळ टाकला. दहा मिनिटांत जाळी बंद, आत चिक्की तयार! मशीन खोलून गरम पाण्याने धुण्यात दिवस गेला. दोष मशीनचा नव्हता, न विचारता माल टाकणाऱ्याचा होता.

असं का होतं? पल्व्हरायझरमध्ये हातोडे फिरतात, माल आपटून फुटतो आणि जाळीतून खाली पडतो. वाळलेली हळद कडक, ठिसूळ, म्हणून ती फुटते. गूळ मात्र आपटल्यावर तापतो, तापला की मऊ पडतो, आणि मऊ झाला की चिकटतो. मोटर मोठी घेतली तर उष्णता अजून वाढते.

म्हणून कुठलाही नवीन माल असो, आधी पाच प्रश्न विचारा:

१. कडक आहे, चिवट आहे की चिकट?
२. ओलावा किंवा तेल किती?
३. तापल्यावर काय होतं?
४. खडा केवढा जाणार, पावडर किती बारीक हवी?
५. तासाला किती किलो लागणार?

गुळाची ढेप असेल तर आधी किसून घ्या, वाळवा, मग चाळा. आणि खरी गंमत ऐका, कदाचित क्रशर लागणारच नाही! गुऱ्हाळावर पाक साधारण १२० अंशांपर्यंत आटवून, थंड होताना घोटत राहिलं की दाणेदार पावडर तिथेच पडते. ती चाळून, ओलावा २ टक्क्यांच्या आत आणून हवाबंद पॅक करायची.

तरीही मशीन घ्यायचंच असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी स्वतःचा १५-२० किलो माल घेऊन वर्कशॉपला जा. मूठभर मालाच्या डेमोवर भुलू नका, सलग अर्धा तास चालवायला लावा. बाहेर पडलेल्या पावडरला हात लावून बघा, गरम लागते का? आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजन करा. जाळी खोलून बघा. मालाला लागणारा भाग स्टेनलेस स्टील ३०४ चा आहे हे बिलावर लिहून घ्या. आणि हो, मोटर सिंगल फेज की थ्री फेज, तेही आधीच विचारा.

विक्रेता ट्रायलला नाही म्हणाला तर सरळ उठून या. कर्जाचा हप्ता त्याला नाही, तुम्हाला भरायचाय.

तुमचा माल कोणता? पाच उत्तरं लिहून काढा, मगच कोटेशन मागवा.