शाळेच्या संकेतस्थळावरील प्लगइनची पारख

शाळेचे संकेतस्थळ ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. प्रवेशाची सूचना, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे वृत्त असा पुष्कळ मजकूर तेथे प्रसिद्ध होत असतो, आणि हे काम बहुधा एखादा हौशी शिक्षक शाळा सुटल्यानंतर करीत असतो. अशा संकेतस्थळांसाठी ‘वर्डप्रेस’ हे सॉफ्टवेअर फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते २००३ साली प्रथम उपलब्ध झाले. आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार त्यावर चालतात. ते विनामूल्य असून मराठीतूनही वापरता येते.

मूळ वर्डप्रेसमध्ये लेख लिहिणे, चित्रे लावणे अशा मोजक्या सोयी असतात. प्रवेशअर्ज, छायाचित्रमाला किंवा दिनदर्शिका हवी असल्यास अन्य कोणी तयार केलेले एक छोटे सॉफ्टवेअर त्यास जोडावे लागते. यालाच प्लगइन म्हणतात. ही सोय २००४ सालच्या १.२ या आवृत्तीपासून आली आणि आज वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात सुमारे ६० हजार प्लगइन विनामूल्य मिळतात. एकाच कामासाठी दहावीस प्लगइन समोर आले म्हणजे त्यांतील कोणते घ्यावे, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

प्लगइनला किती अधिकार मिळतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. शाळेत सुतार कपाट दुरुस्त करावयास आला तर त्यास त्या कपाटाचीच किल्ली दिली जाते. प्लगइनची गोष्ट निराळी आहे. ते चालू केले की मूळ सॉफ्टवेअरला असणारे जवळजवळ सर्व अधिकार त्यास प्राप्त होतात. दिनदर्शिका दाखविणारे प्लगइनही प्रवेशअर्जात साठविलेली मुलांची जन्मतारीख व पालकांचे दूरध्वनी क्रमांक वाचू शकते. म्हणजे त्याच्या हाती सगळ्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगाच जातो. म्हणूनच प्लगइन आज काय करते एवढेच पाहून भागत नाही. उद्या त्याची निगा कोण राखणार, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सेवापुस्तकावरून कर्मचाऱ्याच्या पूर्वसेवेची कल्पना येते. तद्वत संग्रहातील प्रत्येक प्लगइनच्या पानावर त्याची पूर्वपीठिका दिलेली असते. तीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) शेवटची सुधारणा केव्हा झाली? दोन-दोन वर्षे कोणी हात न लावलेले प्लगइन पोरके झाले असण्याचा संभव असतो.

२) वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत त्याची चाचणी झाली आहे? अलीकडील तीन मुख्य आवृत्त्यांवर चाचणी झालेली नसल्यास त्या पानावर तशी सूचना दिसते. ती दिसताच थांबावे.

३) मदतीसाठी विचारलेल्या प्रश्नांस उत्तरे मिळतात काय? मागील दोन महिन्यांत किती अडचणी सुटल्या, हा आकडा तेथे दिलेला असतो. केवळ आकड्यावर न थांबता चारदोन प्रश्नोत्तरे वाचावीत. ‘पाहतो’ म्हणून मौन धरणारा कर्ता आणि दोष मान्य करून दुरुस्ती देणारा कर्ता यांतील फरक तेव्हाच कळतो.

४) वापरणारे किती व अभिप्राय कसे? येथे सरासरी गुणांपेक्षा सर्वांत कमी गुण देणाऱ्यांची तक्रार अधिक बोधप्रद असते. एकच तक्रार अनेकांनी केली असेल तर ती खरी धरावी.

५) सुधारणांची नोंद सविस्तर आहे काय? कोणत्या तारखेस कोणता दोष दूर केला, हे जो लिहून ठेवतो त्याचे काम सहसा व्यवस्थित असते.

मात्र लोकप्रियता म्हणजे सुरक्षितता नव्हे. ‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचे एक प्लगइन सुमारे २ लाख संकेतस्थळांवर होते. २०१७ साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्यास विकले. नव्या मालकाने सुधारित आवृत्तीत चोरवाट ठेवली आणि तिच्यामधून लोकांच्या संकेतस्थळांवर जाहिरातवजा मजकूर घुसविला. विशेष असे की, संकेतस्थळाचा चालक स्वतः आत प्रवेश करून पाही तेव्हा तो मजकूर त्यास दिसतच नसे; पाहुण्यास मात्र दिसे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते प्लगइन संग्रहातून कायमचे काढण्यात आले. संग्रहात प्रथम प्रवेश देताना प्लगइनची तपासणी होते. पण पुढील प्रत्येक आवृत्ती तितक्याच बारकाईने तपासली जाईलच असे नाही. शिवाय संग्रहातून काढलेले प्लगइन आधी बसविलेल्या संकेतस्थळांवरून आपोआप नाहीसे होत नाही. म्हणून कर्ता बदलल्याचे आढळताच नव्या कर्त्याची नव्याने चौकशी करावी आणि शाळेचे संकेतस्थळ अधूनमधून पाहुण्याप्रमाणे उघडून पाहावे.

दुसरे उदाहरण २०२० सालचे आहे. ‘फाइल मॅनेजर’ हे प्लगइन ७ लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरात होते. १ सप्टेंबर रोजी त्यातील गंभीर दोष उघडकीस आला आणि कर्त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती दिली. तरीही ज्यांनी ती वेळेवर बसविली नाही, त्यांच्या संकेतस्थळांवर पुढील दिवसांत हल्ले होत राहिले. कर्त्याने औषध दिले तरी ते घेणे रोग्याच्याच हाती असते.

यावरून शाळेचे कर्तव्यही स्पष्ट होते. प्लगइन थोडके ठेवावेत. नको असलेले केवळ बंद न करता काढून टाकावेत. कारण बंद प्लगइनच्या फायली जागेवरच राहतात व त्यांतील दोषही राहतो. नवे प्लगइन बसविण्यापूर्वी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी आणि शक्य तर प्रथम त्या प्रतीवरच प्रयोग करावा. पैसे भरून घ्यावयाच्या प्लगइनची फुकट वाटली जाणारी चोरटी प्रत कधीही घेऊ नये. तीत कोणी काय घातले असेल याचा भरवसा नसतो आणि कर्त्याचे साहाय्यही मिळत नाही.

शेवटची सूचना साधी, पण सर्वांत उपयोगी आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या शिक्षकाची बदली होते आणि मागे राहिलेल्यांस कोणते प्लगइन कशासाठी बसविले होते हे ठाऊक नसते. कर्त्याने सोडलेले प्लगइन जसे पोरके होते, तसेच शाळेचे संकेतस्थळही मग पोरके होते. यासाठी प्रत्येक शाळेने एक वही घालावी. तीत प्लगइनचे नाव, प्रयोजन, बसविल्याची तारीख व शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी. दर महिन्यास ती पाहून मुख्याध्यापकांनी सही करावी आणि बदलीच्या वेळी इतर दप्तराबरोबर तीही रीतसर सोपवावी. पालकांनी विश्वासाने दिलेली मुलांची माहिती जपण्याचा एवढा तरी बंदोबस्त प्रत्येक शाळेस सहज करता येण्याजोगा आहे.